बंद खडी-खाणीवर पक्ष्यांसाठी राखीव जागा: पंचायत, क्रशरवाले, गवळी आणि गणेश मंडळ एका करारात कसे बसवायचे?

काठावरचा (प्रश्न)

गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात. रस्त्याच्या कामाला मुरूम आणि खडी काढून सोडलेले तीन खड्डे आहेत, मिळून नऊ एकर. मोठा दोन एकरांचा, काळ्या दगडातला, त्यात बारा महिने पाणी. मधला मार्चला आटतो. तिसरा मुरमाचा, फक्त पावसाळ्यात भरतो. हिवाळ्यात हळदी-कुंकू बदकं, टिबुकल्या, वारकरी, शेकाटे असतात. मोठ्या खाणीच्या कड्यावर शृंगी घुबडाची जोडी आहे.

पंचायतीतले चार सदस्य अनुकूल आहेत. शेजारचा चालू क्रशर मशीन द्यायला तयार आहे. अडचण अशी की गवळ्यांची म्हसरं त्याच पाण्यावर येतात, दोन शेतकऱ्यांचे पंप त्यातच आहेत, काहींना मासेमारीचा लिलाव हवाय आणि गणपती विसर्जनही तिथंच होतंय. एक गट म्हणतोय खड्डे बुजवून बाग करा, दुसरा म्हणतोय हजार झाडं लावा.

सुरुवात कुठल्या कागदापासून करावी? करारात कुणाच्या वाट्याला काय द्यावं? आणि खड्ड्यात काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं?

---

उतारा_आधी

फलक, उद्घाटन, फोटो हे सगळं नंतर. आधी तिन्ही सर्व्हे नंबरचे उतारे काढा, चालू वर्षाचा आणि खाण सुरू व्हायच्या आधीचा, दोन्ही. ९ नंबरच्या रकान्यात मालक कोण आणि ११ नंबरच्या रकान्यात बोजा किंवा इतर हक्क काय, ते बघा. ३ नंबरच्या रकान्यात पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) 'अ' आहे की 'ब' हेही बघा. 'ब' असेल तर तो भाग सार्वजनिक धरला जातो. खड्डे खणताना हद्दीचे दगड हमखास उडालेले असतात, त्यामुळे सरकारी मोजणी करून घेतल्याशिवाय कुंपणाची एक काठीही रोवू नका. खाणवाल्यानं शेजारच्या पट्ट्यात दहा-पंधरा फूट आत खणलेलं असतंय आणि ते भांडण मग तुमच्या गळ्यात पडतं.

जमीन कुणाची निघते त्यावर पुढची वाट ठरते.

गायरान निघालं तर मालक सरकार, पंचायत फक्त सांभाळणारी. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ७१ खाली जिल्हाधिकारी अशी जमीन विशिष्ट सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकतात आणि त्यानंतर त्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह तहसीलदारांमार्फत जाऊ द्या. अर्ज कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत. उलटं केलंत तर टेबलावर पडून राहील, तो वाद इथं नको. अर्जात 'उद्यान' हा शब्द वापरू नका. उद्यान म्हटलं की पेव्हर ब्लॉक, झोपाळे आणि हायमास्ट दिवे आलेच. 'पाणवठा, चराई व जैवविविधता संवर्धन' असं लिहा. चराई हा शब्द मुद्दाम ठेवा. गायरानाचा मूळ हेतू शाबूत राहतो आणि गवळी विरोधात जात नाहीत.

खासगी किंवा सामूहिक मालकी निघाली तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३६-सी प्रमाणे कम्युनिटी रिझर्व्हचा मार्ग आहे. मंड्या जिल्ह्यातलं कोक्करे बेळ्ळूर याच प्रकारातलं. सामूहिक जमीन असेल तर त्याच्या समितीत पंचायतीनं नेमलेले किमान पाच प्रतिनिधी आणि वनखात्याचा एक असतो. खासगी असेल तर जमीनमालक, वनखात्याचा एक आणि पंचायतीचा प्रतिनिधी. मात्र एकदा जाहीर झालं की समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. हे मालकांना सही करायच्या आधी स्पष्ट सांगा, नंतर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

तिसरी वाट जैवविविधता कायदा २००२ ची. कलम ४१ प्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते, पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) नावं मागा. त्या समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत या खड्ड्यांची नोंद करून घ्या. फुकट होतं आणि पुढं कुणी डेब्रिज टाकायला आलं तर दाखवायला कागद असतो. कलम ३७ खालचा जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा राज्य सरकार देतं. देवनहळ्ळीजवळचं नल्लूरचं चिंचवन २००७ साली तसं जाहीर झालं, देशातलं पहिलं. पण तुमच्या नऊ एकरांना पहिल्याच दिवशी त्याच्या मागं लागू नका.

नुसत्या पंचायत ठरावावर थांबू नका, एवढं लक्षात ठेवा. बॉडी पाच वर्षांची, नवी बॉडी आली की जुना ठराव फिरतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठच्या गिट्टीच्या खड्ड्यांवर ॲटनबरो नावाचं राखीव क्षेत्र १९६६ पासून आहे. खाणकंपनी आणि तिथली वन्यजीव संस्था मिळून ते चालवत होत्या, पण जमीन कंपनीचीच होती. कंपनीनं विकायला काढल्यावर २०२० साली संस्थेला लोकांकडून निधी गोळा करून ती विकत घ्यावी लागली. म्हणजे पन्नासेक वर्षं चांगली चाललेली भागीदारीसुद्धा जमिनीच्या कागदावरच येऊन अडली होती.

---

जेसीबी_अण्णा

बुजवायचं डोक्यातून काढा. दोन एकर म्हणजे ८,१०० चौरस मीटरच्या आसपास. सरासरी खोली ४ मीटर धरली तरी ३२,००० घनमीटर भराव लागतो. एवढी माती कुणी देत नाही. येतो तो शहरातला राडारोडा आणि त्याच्याखाली लपवलेला कचरा.

काम आहे ते काठाचं. खाणीचा काठ सरळ तुटलेला असतो आणि पाणी कडेलाच खोल असतं. शेकाट्यासारख्या पायानं चालणाऱ्या पक्ष्याला त्यात उभं राहायला जागा नाही, पाणवनस्पतीला मूळ धरायला जागा नाही आणि पडलेल्या माणसाला वर यायला जागा नाही. त्यामुळे घेराच्या किमान चौथ्या हिश्शाला उतार द्यायचा, १ ला ६ ते १ ला ८ (मीटरभर खाली जायला सहा ते आठ मीटर लांबी).

हिशोब असा. मुरमाचा काठ २.५ मीटर उंच आणि सरळ असेल, आणि १ ला ६ चा उतार पूर्ण मागं कापत नेऊन केला, तर दर मीटर लांबीला जवळजवळ १९ घनमीटर माती निघते. त्याऐवजी काठाच्या निम्म्या उंचीपासून वरचं कापायचं आणि तेच खाली पुढं ढकलायचं. मग दर मीटरला ४.७ घनमीटरच हलवावं लागतं, म्हणजे चौपट कमी. ६० मीटर काठाला २८० घनमीटर. साधा जेसीबी मुरमात तासाला २५ घनमीटर धरला तर ११-१२ तास, दीड दिवसाचं काम. सैल भराव बसतो, म्हणून पायथ्याला १५-२० टक्के जास्त ढकला. हे एप्रिलअखेर ते मे मध्यापर्यंत, पाणी सगळ्यात खाली असताना. वळवाच्या आधी बकेटनं दाबून घ्या, नाहीतर पहिल्या सरीलाच घसरतंय.

काळ्या दगडातल्या मोठ्या खाणीत कापणं शक्य नाही. तिथं खाणीच्या काठावर पडलेला मातीमिश्रित दगडांचा ढिगारा असतो, तोच एका कोपऱ्यात आत सोडून पाण्याखाली फळीसारखा टप्पा करा. नोव्हेंबरच्या पातळीला त्यावर एक-दीड फूट पाणी राहील असा.

बाजू चुकवू नका. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा, लाटा ईशान्येच्या काठाला आपटतात. उथळ उतार तिथं केलात तर दोन पावसाळ्यांत धुऊन जाईल. दक्षिणेचा काठ उतरता करा. मुरमाच्या खड्ड्याचा पश्चिम काठ, ज्याचं तोंड पूर्वेला आहे, तो मात्र दोन मीटरचा सरळ कडा म्हणून तसाच राखा. पावसाचा मारा तिथं कमी लागतो आणि वेडे राघू, खंड्या अशाच कड्यात आडवी बिळं करतात. दर जानेवारीत फावड्यानं त्याचा १०-१५ सेंटिमीटर थर उभा तासून ताजा करायचा. फेब्रुवारीनंतर त्याला हात लावायचा नाही, बिळं पाडायला सुरुवात झालेली असते. घुबडाच्या कड्यापाशी नोव्हेंबर ते एप्रिल मशीनच नको. म्हणून मोठ्या खाणीचं काम शेवटी, मे महिन्यात.

आता क्रशरवाल्याचं. मशीन देतोय, चांगलं आहे. पण कापलेला मुरूम त्याच्या ट्रॅक्टरमधून बाहेर जाता कामा नये. मुरूम गौण खनिज आहे, परवान्याशिवाय बाहेर गेला की तो अवैध उपसा होतो आणि केस पंचायतीवर येते. 'कापलेला माल जागेवरच वापरायचा' हे करारात एका ओळीत येऊ द्या. मशीन ऑपरेटरला पण सांगा, सवयीनं तो ट्रॉलीच भरतो.

वरच्या कडेला तीन मीटर आत, मीटरभर उंचीचा मातीचा बांध घाला, त्यावर घायपात किंवा शेर. तारेचं कुंपण एका उन्हाळ्यात चोरीला जातंय. बुडण्याचा धोका खरा आहे: दोन ठिकाणी खांबावर हवेची ट्यूब आणि ३० मीटर दोर, फलक कन्नड आणि मराठी दोन्हीत, खोलीचा आकडा घालून. नुसतं 'धोका' लिहिलेल्या फलकाकडं पोरं बघत नाहीत, '२८ फूट' वाचून जरा थबकतात.

---

कुसळी

हजार झाडांबद्दल. लावू नका.

खाणीच्या मुरमाड उघड्या जमिनीवर टिटवी अंडी घालते, खड्यांत मिसळून जातील अशी ठिपक्यांची. तिथं दोन-दोन मीटरवर रोपं लावलीत की टिटवी गेलीच, शिवाय झाडावर बसून कावळ्याला चारी बाजूंची घरटी दिसायला लागतात. रोपंही जगत नाहीत. फूटभर खाली कठीण थर असतो, दीड फुटाच्या खड्ड्यात मूळ गोल गोल फिरतं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात झाड वाळतं. मग जगतंय म्हणून आकाशिया आणि सुबाभूळ लावतात. आकाशियाखाली पानांचा असा जाड थर बसतो की गवताचं बी जमिनीला टेकत नाही.

जोधपूरच्या राव जोधा पार्कमध्ये २००६ पासून खडकाळ जमिनीवर काम झालं. तिथं पिढीजात दगडफोडे घेतले होते. ते हातोडी मारून आवाजावरून खडक कुठं मऊ, कुठं भेगाळलेला ते ओळखत आणि तेवढ्याच जागी खड्डा करत. आपल्याकडं वडार समाजाच्या हातात हीच कला आहे. ठरावीक अंतरावर खड्डे मारणाऱ्या ठेकेदारापेक्षा दोन वडारी कारागीर चार दिवस लावा. जिथं ठिसूळ सापडेल तिथंच झाड, बाकी गवत.

झाडं घ्यायची ती मुरमाला सोसणारी: बोर, हिवर, खैर, आपटा, करवंद, पळस. पाण्याच्या कडेला करंज, उंबर, वाळुंज, निर्गुडी. नऊ एकरांत दीडशे पुरेत, तीही वरच्या बांधालगत. वनमहोत्सववाल्यांना नाराज करायचं नसेल तर शाळेच्या मुलांना करवंदीचं कुंपण लावायला द्या: एका हातावर एक रोप, दोन ओळी. दोनशे मीटर लांबीला ९०० रोपांच्या आसपास लागतात, त्यांचा हजाराचा आकडाही जवळपास भरतो.

बाहेरून 'चांगली माती' आणायची नाही. गाडीभर मातीबरोबर गाजर गवताचं बी येतं, पुढची पाच वर्षं तेच उपटत बसाल. गवत हवं तर गावच्या राखीव कुरणातून ऑक्टोबरअखेर पवन्या, मारवेल, कुसळीची पिकलेली पेंढी कापून आणा आणि उघड्या मुरमावर अंथरा. बी आपोआप झडतं, पुढच्या जूनला उगवतं. पहिल्या वर्षी जनावरं नकोत. दुसऱ्या वर्षापासून नोव्हेंबरमध्ये, बी पडल्यावर, गवत कापून न्यायला गवळ्यांना द्या. हा मुद्दा खाणवाल्यांपुढंही ठेवता येतो: सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या आदेशानंतर खाणकाम संपल्यावर जमीन पुन्हा गवताखाली, चाऱ्यालायक करण्याची अट केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं घातली आहे. शेजारचा चालू क्रशर ज्या खाणीतून दगड घेतो तिच्या पर्यावरण मंजुरीच्या अटी काढून वाचा. दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. त्याला अहवालात दाखवायला काम हवंय, तुम्हाला मशीन हवंय.

वेडी बाभूळ असेल तर नुसती तोडू नका, दुप्पट फुटते. बुंध्याखाली दीड फूट खणून मूळ काढावं लागतं.

---

काठावरचा

उतारे मागवलेत. दोन शंका राहिल्या. पंपवाले शेतकरी म्हणतात, 'दोनच पंप, त्यानं काय होतंय?' त्यांना काय सांगायचं? आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या निधीतून) पैसे देईल म्हणतेय, ते कुणाच्या नावावर घ्यायचे? पंचायतीच्या खात्यात की मंडळाच्या?

---

हिशोबनीस

पंपाचं गणित त्यांच्यासमोरच मांडा, भांडण निम्म्यावर येतं. ५ एचपीचा पंप २० मीटर उचल धरून सेकंदाला ९ ते १० लिटर देतो. थ्री-फेज सात तास मिळाली तर दिवसाला २४० घनमीटर. दोन एकरांच्या पाण्यावर ते ३ सेंटिमीटर. दोन पंपांचे ६. ऐकायला कमी वाटतं, पण १ ला ८ च्या उतारावर ६ सेंटिमीटर पाणी उतरलं की पाण्याची कड ४८ सेंटिमीटर मागं सरकते, तेही रोज. काठाला चिकटलेलं टिबुकलीचं तरंगतं घरटं दोन दिवसांत कोरड्यावर येतं, तिसऱ्या रात्री कुत्रं.

पंप बंद करा म्हणू नका, मानणार नाहीत, आणि मागणीही रास्त नाही. पातळी ठरवा. मोठ्या खाणीच्या दगडी भिंतीवर खूण करायची, त्या खुणेच्या खाली पाणी गेलं की दोन्ही पंप बंद. खूण ठरवताना डिसेंबर ते मे नुसत्या उन्हानं मीटरभर पाणी जातं हे धरा. म्हणजे मेअखेर सर्वांत खोल जागी दोन मीटर शिल्लक हवं असेल तर जानेवारीअखेरची खूण त्याच्यावर पाऊण मीटर. त्याआधी पाणी काढा, ऊस-भाजीला हवं तेवढं. शक्य असेल तर फुटव्हॉल्व्हचा (पाणी ओढायचा) पाईपच त्या खुणेपर्यंत कापून टाका, मग राखण करायला माणूस लागत नाही.

खोली मोजायची म्हणजे ट्यूबवरून दहा-दहा मीटरवर वजन बांधलेला दोर सोडायचा आणि वहीत लिहायचं. एका दिवसाचं काम, कॉलेजच्या भूगोल विभागाला द्या. लाईफ जॅकेटशिवाय कुणी उतरायचं नाही.

आता पैसे. ती कंपनी कायद्याच्या सीएसआर कलम १३५ मध्ये बसत असेल (नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नक्त मत्ता ५०० कोटी, यातलं एक) तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के तिला खर्च करावेच लागतात. पर्यावरण संतुलन, वन्यजीव हे अनुसूची ७ मध्ये आहे. पण पैसे घेणारी संस्था नोंदणीकृत, आयकराची १२ए व ८०जी नोंदणी असलेली आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेली लागते. नवीन युवक मंडळाकडं हे काही नसतं. घाईनं नवी संस्था काढू नका, त्यात वर्ष जातं. ज्या जुन्या शिक्षण संस्थेकडं वा ट्रस्टकडं हे कागद आहेत तिला करारात घ्या आणि स्वतंत्र बँक खातं, दोन सह्या: एक संस्थेची, एक जैवविविधता समितीची. पंचायतीच्या मूळ खात्यात टाकलेले पैसे गटाराच्या बिलात कधी गेले ते कळत नाही.

सीएसआरचा चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं धरता येतो. म्हणजे चौथ्या वर्षानंतर राखणदाराचा पगार कुठून, हे आजच लिहा. बहुतेक अशा जागा इथंच मोडतात: पहिल्या वर्षी मचाण, कमान, फलक यांवर लाखो खर्च होतात, आणि पुढं रोज फेरी मारणाऱ्या माणसाला महिन्याचे पैसे नसतात. कंपनीला कमान नका देऊ, राखणदाराचं मानधन आणि मेमधले जेसीबीचे तास द्या. गुरुग्रामला जुन्या खाणींच्या जागी केलेलं अरवली जैवविविधता उद्यान २०१० पासून आहे. महापालिका, नागरिकांची संस्था आणि कंपन्या यांच्या भागीदारीतून उभं राहिलं, आणि २०२२ मध्ये संरक्षित क्षेत्रांबाहेरचं संवर्धन क्षेत्र (ओईसीएम) म्हणून देशात पहिल्यांदा मान्यता मिळाली. आपल्या नऊ एकरांशी तुलना नको, ते जवळजवळ चारशे एकर आहे. पण तिथंही देखभालीचा करार स्वतंत्रपणे बांधला, तेवढं घ्या.

---

टिबुकली

मासे, गणपती आणि कुत्री यांवर कुणी लिहिलं नाही, आणि रोजचा त्रास त्यांचाच आहे.

लिलाव झाला की ठेकेदार बीज टाकतो. कटला-रोहूपर्यंत ठीक. तिलापिया किंवा थाई मांगूर एकदा आले की परत निघत नाहीत. थाई मांगूर पाळायला तर बंदीच आहे. त्याहून वाईट बारीक दोऱ्याची उभी जाळी, रात्रभर सोडलेली: बुडी मारणारी टिबुकली, पाणकावळे त्यात गुरफटून मरतात. मोठ्या खाणीत लिलाव नकोच. गावातल्यांना गळानं मासे धरू द्या, दक्षिण काठ सोडून. आरोग्य खात्याकडून डासांसाठी गप्पी सोडायला येतील, त्यांना मधल्या खड्ड्यात सोडू देऊ नका. मार्चला आटणारं पाणी म्हणजे मासे नसलेलं पाणी, म्हणूनच बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या तिथं वाचतात. डासांच्या अळ्या त्याच खातात, हे आरोग्य सेविकांना दाखवून द्या.

गणपती: मंडळाला बंदीची नोटीस पाठवलीत तर पुढची पाच वर्षं तुमचं काही चालणार नाही. उलट त्यांनाच भागीदार करा. रस्त्यालगत, खाणीच्या अलीकडं, २० बाय १० फूट आणि ४ फूट खोल असा खड्डा क्रशरवाल्याच्या मशीननं तासाभरात होतो. आत ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक. मापात फसू नका: लांबीत २० + दोन बाजूंची खोली ८ + कडेला दाबायला ३, म्हणजे ३१ फूट, रुंदी तशीच २१ फूट. खाली आधी बारीक माती पसरा, नाहीतर खडीच्या टोकानं फाटतंय. पाणी साधारण २२,५०० लिटर, खाणीतूनच पंपानं. हे काम पंपवाल्या शेतकऱ्यांकडं द्या, त्यांनाही मान. निर्माल्याला काठावर दोन वेगळे हौद. शाडूची माती बसल्यावर वरचं पाणी झाडांना, गाळ पुन्हा मूर्तिकाराला. आरती खाणीच्या काठावरच होऊ द्या, मूर्ती फक्त हौदात. फटाके मात्र घुबडाच्या कड्याच्या उलट बाजूला.

म्हसरं पूर्ण हटवू नका. म्हशी डुंबतात तिथं पाणकणीस माजत नाही, चिखलात शेकाट्यांना किडे मिळतात. मधल्या खड्ड्याला चार मीटर रुंदीचा, दगड बसवलेला उतार करा, म्हसरांची वाट तीच. मोठ्या खाणीत जनावरं उतरणार नाहीत. गवळ्यांकडून बदल्यात एक मागा: रोज येणारा माणूस म्हणून पाहणी त्यांनीच करावी, अनोळखी ट्रॅक्टर दिसला की फोन. मानधन द्या, फुकटात मागू नका.

कुत्री येतात ती पक्ष्यांसाठी नाही, चिकनच्या दुकानांचा कचरा पोत्यात भरून खाणीत टाकतात त्यासाठी. कुत्री हाकलून उपयोग नाही. गावातल्या आणि हमरस्त्यावरच्या चिकनवाल्यांशी बोलून पंचायतीची कचरागाडी त्यांच्या दारावरून दिवसाआड फिरवा, आणि खाणीकडं जाणाऱ्या वाटेवर साखळी नाही तर दोन मोठे दगड टाका, टेम्पो जाणार नाही एवढे. कचरा थांबल्यावर दोन महिन्यांत कुत्री कमी होतात.

मध्ये बेट करायचा मोह होईल. मेमध्ये पाणी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्र्याला चालत जाता येतं. करायचंच तर तराफा: दोन बाय दोन मीटर बांबूचा सांगाडा, खाली २०० लिटरची बूच सील केलेली चार पिंपं, वर पाच सेंटिमीटर बारीक खडी. खडीचं वजनच ३२० किलो होतं, चार पिंपांना ते पेलतं, तीन घातलीत तर तराफा एका बाजूला कलतो. नांगराचा दोर खोलीच्या दीडपट ठेवा. आखूड ठेवलात तर पावसाळ्यात पाणी चढल्यावर तराफा बुडतो.

मोजणी महिन्यातून एकदा, अमावास्येला सकाळी सातला. त्या दिवशी शेतकाम बंद, माणसं मिळतात. नेहमी त्याच तीन ठिकाणांवरून, दहा-दहा मिनिटं, एकाच वहीत.

---

उतारा_आधी

करारात भर. पक्ष पाच: पंचायत, जैवविविधता समिती, कागद असलेली संस्था, क्रशरमालक, गणेश मंडळ. गवळी आणि पंपवाल्यांना सही करायला लावू नका, नावं घालून त्यांचे हक्क लिहा: पाणवठ्याची वाट, गवत, खुणेपर्यंतचं पाणी. कागदावर हक्क दिसला की तो राखायला ते स्वतः येतात. मुदत दहा वर्षं, आढावा दरवर्षी मेमध्ये खाणीवरच, ऑफिसात नाही. एका पक्षानं काम सोडलं तर तीन महिन्यांत ते कुणाकडं जाईल तेही लिहा.

---

काठावरचा

मोजणीचा अर्ज परवा देतोय. पाण्याची खूण कशानं करू? ऑईल पेंट आहे घरात.

---

जेसीबी_अण्णा

पेंट नको, एका पावसाळ्यात शेवाळ चढतंय आणि मग खूण कुठली यावर वाद. वडाऱ्याकडून छिन्नीनं बोटभर खोल, हातभर लांब आडवी खाच मारून घ्या, दहा-दहा सेंटिमीटरवर एक, आणि पंप बंदची खाच दुहेरी. दोन्ही शेतकऱ्यांना समोर उभं करून मारा.